केंटकीतलं क्रिएशन म्युझियम आणि नोहाचं तारू: दोन दिवसांत काय दिसतं, काय वगळलं जातं

खोगीर घातलेल्या ट्रायसेराटॉप्स डायनासोरचा फोटो बघून क्रिएशन म्युझियमला जाणारे दोन प्रकारचे असतात. काहींना हसायचं असतं, काहींना आपल्या श्रद्धेला विज्ञानाचा टेकू हवा असतो. दोघांचीही थोडी फसगत होते. हसायला आलेल्याला अपेक्षेपेक्षा बरंच नेटकं, विचारपूर्वक रचलेलं प्रदर्शन बघायला मिळतं. आणि टेकू शोधायला आलेल्याने फलक नीट वाचले तर त्याच्या लक्षात येतं की इथलं मत, म्हणजे उत्क्रांती झाली नाही, देवाने सृष्टी थेट निर्माण केली हा निर्मितीवाद, हे ख्रिस्ती जगातल्या चार-पाच मतांपैकी एक आहे. बाकीच्यांची इथे 'तडजोड' या एका शब्दात बोळवण होते.

आधी जुजबी माहिती. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात पीटर्सबर्ग इथलं क्रिएशन म्युझियम २८ मे २००७ रोजी उघडलं. खर्च सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर. विल्यम्सटाउनचं आर्क एन्काउंटर, म्हणजे बायबलमधल्या जलप्रलयात नोहाने ज्यात कुटुंब आणि प्राणी वाचवले ते पूर्ण आकाराचं तारू (जहाज), ७ जुलै २०१६ रोजी उघडलं. खर्च सुमारे १० कोटी डॉलर. दोन्ही प्रकल्प आन्सर्स इन जेनेसिस या संस्थेचे. संस्थेचा चेहरा म्हणजे केन हॅम, मूळचे ऑस्ट्रेलियातले विज्ञानशिक्षक. संस्थेची भूमिका पक्की आहे: पृथ्वी सुमारे ६,००० वर्षांची, बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातले दिवस २४ तासांचे, जलप्रलय साऱ्या पृथ्वीवर आलेला. नोकरीला लागणाऱ्यालाही या विश्वासाच्या जाहीरनाम्यावर सही करावी लागते. तेव्हा फलकाजवळ उभ्या कर्मचाऱ्याकडून 'काही ख्रिस्ती लोकांना हे पटत नाही' असं ऐकायची अपेक्षा ठेवू नये.

दोन्ही ठिकाणं एका दिवसात उरकता येतील असं नकाशा बघून वाटतं. तसं करू नका. मध्ये चाळीसेक मैलांचं अंतर आहे, आणि मोठा वेळ गाडीत नाही, फलक वाचण्यात जातो. म्युझियमला चार तास, तारवाला चार-पाच तास धरा. मुलं सोबत असतील तर तारवामागच्या प्राणिसंग्रहालयासाठी आणखी एक. क्रम म्हणाल तर म्युझियम आधी, तारू नंतर. युक्तिवाद म्युझियममध्ये आहे आणि तारू हे त्याचं भव्य चित्र. उलट क्रमाने गेलेल्यांना तारवातल्या फलकांवरच्या निम्म्या गोष्टींचे संदर्भ लागत नाहीत. दोन्हीचं जोडतिकीट मिळतं आणि ते सुटी तिकिटं काढण्यापेक्षा स्वस्त पडतं. दर आणि मुलांच्या सवलती हंगामानुसार बदलतात, शिवाय गाडी लावण्याचे पैसे वेगळे, म्हणून निघण्याआधी संकेतस्थळ बघावं. म्युझियम सिनसिनाटीच्या विमानतळापासून जवळ आहे (हा विमानतळ नावाने ओहायोतल्या शहराचा असला तरी बसलाय केंटकीत), त्यामुळे मुक्काम त्या बाजूला केला की दोन्ही दिवस सोपे जातात.

म्युझियमच्या आत

सुमारे ७५ हजार चौरस फुटांच्या या इमारतीची रचना एका नामवंत मनोरंजन उद्यानाची कामं केलेल्या माणसाने केली आहे, आणि ते पावलोपावली जाणवतं. प्रकाश, आवाज, गर्दीला वळवण्याची पद्धत, सगळं व्यावसायिक. मुख्य रस्ता एकेरी आहे. त्याचा कणा म्हणजे इंग्रजीत सी अक्षराने सुरू होणारे सात शब्द: निर्मिती, पतन (आदाम-हव्वेचं पाप), महाप्रलय, बाबेलचा गोंधळ, ख्रिस्त, वधस्तंभ आणि शेवटची परिपूर्ती. ज्याला हा क्रम ठाऊक नाही त्याला मध्येच 'आपण डायनासोर बघायला आलो होतो ना?' असा प्रश्न पडतो. डायनासोर आहेत, पण ते आमिष आहेत. मूळ विषय पाप आणि तारण.

सुरुवातीचंच एक दालन सगळ्यात महत्त्वाचं, आणि तिथेच लोक सगळ्यात कमी थांबतात. जमिनीतून सांगाडा उकरणारे दोन जीवाश्मतज्ज्ञ शेजारी शेजारी दाखवलेत. एक म्हणतो हा प्राणी लाखो वर्षांपूर्वी मेला. दुसरा म्हणतो जलप्रलयात बुडाला. हाडं तीच, निष्कर्ष निराळे, कारण सुरुवातीची गृहीतकं निराळी, असा त्याचा मथितार्थ. पुढचं सगळं प्रदर्शन या एका खुंटीवर टांगलेलं आहे, म्हणून ती हलवून बघितलीच पाहिजे. गृहीतकं असतात हे खरं. पण विज्ञानात गृहीतकांची परीक्षाही होते. किरणोत्सर्गी क्षयाचा वेग नेहमी सारखाच होता हे गृहीतक घ्या. १९९७ ते २००५ या काळात इन्स्टिट्यूट फॉर क्रिएशन रिसर्च या निर्मितीवादी संस्थेच्याच संशोधकांनी त्यावर काम केलं. आजच्या वेगाने ज्याला ५० कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल इतका क्षय खडकांत झालाय, हे त्यांनी मान्य केलं. मग तोडगा असा काढला की निर्मितीच्या आणि प्रलयाच्या वेळी हा वेग प्रचंड वाढला होता. पण तेवढा क्षय इतक्या थोड्या वेळात झाला तर निघणारी उष्णता पृथ्वीचं कवच वितळवायला पुरते. ही अडचण सुटलेली नाही हेही त्यांनी लिहून ठेवलंय. म्युझियमच्या भिंतीवर या प्रामाणिकपणाला जागा मिळायला हवी होती.

त्यापुढची एदेन बाग हा म्युझियमचा सर्वांत देखणा भाग. आदाम प्राण्यांना नावं देतोय, हव्वा, झाडं, पाणी. बागेतले डायनासोर हरणांइतकेच निरुपद्रवी, कारण उत्पत्ती १:२९-३० मध्ये सगळ्यांना अन्न म्हणून वनस्पतीच दिल्या आहेत. मग पतन होतं, आणि पुढच्या अंधाऱ्या दालनात मृत्यू, दुःख, हिंसा. ज्यांना वाटतं की निर्मितीवाद्यांचं भांडण कालगणनेशी आहे, त्यांनी इथे दहा मिनिटं उभं राहावं. मूळ मुद्दा वर्षांचा नाहीच, मृत्यूचा आहे. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात (५:१२) प्रेषित पौल म्हणतो की एका माणसाद्वारे पाप जगात आलं आणि पापाद्वारे मरण. आदामाच्या आधी कोट्यवधी वर्षं प्राणी मरत, एकमेकांना खात असतील तर 'फार चांगले' म्हटलेल्या सृष्टीत मरण आधीपासूनच होतं, आणि मग वधस्तंभाने नक्की काय उलटवलं? हा युक्तिवाद म्युझियमने ताकदीने मांडलाय. धर्मशास्त्राच्या अंगाने पाहिलं तर तो इथला सर्वांत भक्कम भाग आहे, आणि उत्क्रांती मानणाऱ्या ख्रिस्ती विचारवंतांनाही तो गंभीरपणे घ्यावा लागतो. त्यांचं उत्तर साधारण असं: पौल त्या ओळीत माणसांच्या मरणाविषयी बोलतोय, प्राण्यांच्या नव्हे, आणि उत्पत्तीत जीवनाचं झाड आहे याचा अर्थ मुळात माणूस अमर नव्हता. हे उत्तर पटो न पटो, ते अस्तित्वात आहे एवढं तरी फलकावर यायला हरकत नव्हती.

डायनासोरांमध्ये खरा ऐवज म्हणजे 'एबेनेझर' नावाचा ॲलोसॉरस. ही प्रतिकृती नाही, खरा जीवाश्म आहे, कोलोरॅडोत सापडलेला. कवटी अप्रतिम अवस्थेत आहे, ५३ दात शाबूत. फलकावर मात्र हाडांचा अभ्यास थोडा आणि प्रलयाचा निष्कर्ष फार. कोणत्या थरात सापडला, आजूबाजूचा गाळ कसा होता, हाडं कशा स्थितीत होती, हे जीवाश्माजवळ वाचायला मिळावं अशी कुणाही जाणकाराची अपेक्षा असते. प्रलयात गाडला गेला हे सिद्ध करायचं तर हाच तपशील लागतो.

'लूसी'चं दालन जास्त बारकाईने बघण्यासारखं. १९७४ मध्ये इथिओपियातल्या हदार इथे सापडलेली, सुमारे ३२ लाख वर्षं जुनी मानली जाणारी ही ऑस्ट्रॅलोपिथेकस या माणसाच्या पूर्वजगटातली मादी. सांगाडा सुमारे ४० टक्के मिळालेला. म्युझियमने तिला बोटांच्या सांध्यांवर टेकून चालणारं, गोरिलासारखं दाखवलंय. शेजारी एकाच कवटीवर चढवलेले वेगवेगळे चेहरे आहेत: कुठे जास्त केस, कुठे माणसासारखे डोळे. केस, कातडी आणि डोळ्यांचं पांढरं हाडांतून कळत नाही, ते कलाकार ठरवतो. हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, आणि पाठ्यपुस्तकांतली चित्रं बघणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा. पण लूसी दोन पायांवर चालत होती हा निष्कर्ष चेहऱ्यावरून निघालेला नाही. तो निघालाय आखूड आणि पसरट कटीच्या हाडावरून आणि मांडीचं हाड गुडघ्याकडे आत कललेलं असतं त्या कोनावरून. शिवाय टांझानियातल्या लाएतोली इथे १९७८ मध्ये सापडलेले, ३६ लाख वर्षांहून जुने, दोन पायांवर चालणाऱ्यांच्या पावलांचे ठसे आहेत. चेहऱ्यांचा खेळ दाखवून गुडघ्याचा प्रश्न झाकला जातो. हातचलाखी म्हणावी तर हीच.

तारांगण चुकवू नका. आकार लहान, चित्रण सुंदर. मात्र देवयानी दीर्घिकेचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ लाख वर्षं लागत असतील, तर ६,००० वर्षांच्या विश्वात तो दिसतो कसा, हा प्रश्न डोक्यात ठेवूनच आत जावं. संस्थेशी संबंधित एका खगोलशास्त्रज्ञाने २०१० मध्ये सुचवलेलं उत्तर चतुर आहे: प्रकाशाचा एका दिशेचा वेग स्वतंत्रपणे मोजता येत नाही, तो संकेताने (म्हणजे आपण ठरवून घेतलेल्या व्याख्येने) ठरतो, तेव्हा आपल्याकडे येणारा प्रकाश तत्क्षणी पोहोचतो असा संकेत धरू. गणिताने ते चुकीचं नाही. पण संकेत बदलून विश्वाचं वय बदलत नाही. घड्याळाचे काटे फिरवून झोप पूर्ण होत नाही, तसंच हे.

बाहेरची बाग, झुलते पूल आणि पाळीव प्राणी छान आहेत. हवा बरी असेल तर तास सहज जातो. पुस्तकांचं दुकान मध्ययुगीन ड्रॅगनच्या थाटात सजवलंय, कारण ड्रॅगनच्या दंतकथा म्हणजे डायनासोर पाहिलेल्या माणसांच्या आठवणी असं संस्थेला वाटतं. दुकानात या विषयावरची इतर ख्रिस्ती मतांची पुस्तकं शोधू नयेत.

तारू

मराठी बायबलमध्ये तारवाचं माप तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच असं दिलंय. हात म्हणजे किती, यावर सगळं अवलंबून. बांधणाऱ्यांनी २०.४ इंचांचा मोठा हात धरला, म्हणून लांबी ५१० फूट, रुंदी ८५, उंची ५१. नेहमीचा १८ इंचांचा हात धरला असता तर लांबी ४५० फूट झाली असती. समोरच्या तळ्याकाठी उभं राहून बघितलं की आकार अंगावर येतो. सुतारकाम तर खरोखर बघण्यासारखं: जाडजूड गोल ओंडके, तासलेल्या तुळया, सांधे उघडे ठेवलेले. आमिश (जुन्या पद्धतीने जगणारा ख्रिस्ती पंथ) सुतारांचा हात लागलाय आणि तो कळतो. लाकूडकामात रस असणाऱ्याने तारू फक्त वर बघत फिरलं तरी पैसे वसूल.

अर्थात हे जहाज नाही, इमारत आहे. एका बाजूला काँक्रीटचे मनोरे आहेत, त्यांत जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहं. पाण्यावर तरंगण्याची परीक्षा इथे होतच नाही, आणि लाकडी जहाजांचा इतिहास त्याबाबतीत उत्साह वाढवणारा नाही. १९०९ मध्ये अमेरिकेत बांधलेली 'वायोमिंग' ही सहा डोलकाठ्यांची नौका आजवरच्या सर्वांत लांब लाकडी जहाजांपैकी एक, तिची डेकची लांबी ३५० फुटांच्या आसपास. एवढ्यातही लाटांवर तिचा सांगाडा वाकायचा, फळ्यांच्या फटी उघडायच्या आणि पंप सतत चालू ठेवावे लागायचे. १९२४ मध्ये ती बुडाली.

गाडी खालच्या तळावर लावून बसने तारवापर्यंत नेतात. औषध, मुलांचं जॅकेट, पाण्याची बाटली असं काही गाडीत विसरलं तर पुन्हा बसच्या दोन फेऱ्या, हे सर्वांत नेहमीचं गाऱ्हाणं. आत तीन मजले आहेत आणि चढ उतारी रस्त्यांचा आहे, म्हणून बाबागाडी आणि चाकाची खुर्ची सहज जाते. पहिल्या मजल्यावर मंद उजेड, वादळाचा आवाज आणि पिंजरे. वाचायला कमी, वातावरण जास्त. लोक इथेच तासभर रेंगाळतात. मग वर जाईपर्यंत पाय दुखायला लागतात, मुलं किरकिरायला लागतात, आणि जिथे खरा मजकूर आहे ते वरचे दोन मजले धावत उरकले जातात. पहिला मजला वीस मिनिटांत आटपा. नोहाच्या कुटुंबाची राहायची जागा वर आहे. चुली, विणकाम, टोपल्या, धान्याचे साठे यांचं काम जीव ओतून केलंय. पिंजऱ्यांत जिवंत प्राणी नाहीत, प्रतिकृती आहेत, बऱ्याचशा तरुण पिल्लांच्या. जागा आणि चारा कमी लागावा म्हणून नोहाने लहान प्राणी घेतले असावेत, हा त्यामागचा तर्क.

आठ माणसांनी एवढ्या प्राण्यांची उस्तवार केली कशी, यावर बरेच फलक आहेत: पाणी साठवायच्या टाक्या, आपोआप खाली सरकणारा चारा, वायुवीजन, शेण बाहेर टाकायची यंत्रणा. हिशेब साधा आहे. प्राणी ७,००० च्या आतबाहेर, माणसं आठ, म्हणजे माणशी सुमारे ८७५. रोज १६ तास राबलं तरी एका प्राण्याच्या वाट्याला मिनिटभराहून थोडाच जास्त वेळ येतो. आणि हे उत्पत्तीतल्या तारखांप्रमाणे वर्षाहून थोडं अधिक काळ. म्हणून तर प्रदर्शनात इतकी कल्पक यंत्रं लागली. ती ग्रंथात नाहीत, हे एका फलकावर सरळ सांगितलेलंही आहे: ग्रंथाला धरून काय आणि कलाकाराची कल्पना काय, हा फरक तारवात म्युझियमपेक्षा जास्त प्रामाणिकपणे दाखवलाय.

आता या भेटीतला सर्वांत रोचक मुद्दा, जो बहुतेक परीक्षणांतून निसटतो. तारवात सगळ्या जाती घेतल्या असा दावा संस्था करतच नाही. उत्पत्तीत 'आपापल्या जातीप्रमाणे' असं जिथे येतं तिथला हिब्रू शब्द 'मीन'. संस्थेच्या मते मीन म्हणजे आजची प्रजाती नव्हे, तर जवळपास कुळाएवढा मोठा गट. सिंह, वाघ, चित्ता, घरचं मांजर, सगळे एकाच मार्जार-जोडीचे वंशज; लांडगा, कोल्हा, कुत्रा एका श्वान-जोडीचे. असे गट, नामशेष झालेले धरून, १,४०० च्या आसपास. आज जमिनीवरच्या सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे आणि उभयचर यांच्या ज्ञात प्रजाती ३५ हजारांच्या पुढे आहेत. प्रलय होऊन त्यांच्या हिशेबाने सुमारे ४,३५० वर्षं झाली. भागाकार केला तर दर वर्षी सात-आठ नव्या प्रजाती, म्हणजे दीडेक महिन्याला एक. त्यातही बरेचसे बदल पहिल्या काही शतकांतच व्हायला हवेत, कारण प्राचीन इजिप्त आणि मेसोपोटेमियाच्या चित्रांत सिंह आणि मांजर वेगवेगळे स्पष्ट दिसतात.

थोडक्यात, उत्क्रांती नाकारायला उभारलेल्या इमारतीत कुणाही जीवशास्त्रज्ञाला धडकी भरेल इतकी वेगवान उत्क्रांती मांडलेली आहे. फक्त तिला तो शब्द वापरलेला नाही, आणि कुळाच्या सीमेवर तिला थांबवलंय. सीमा तिथेच का, कुठल्या जनुकीय कुंपणाने, याचं उत्तर कोणत्याही मजल्यावर नाही. संकर होतो तो एका गटातला, हा निकष दिलाय; पण आजच्या प्रजाती एकमेकींपासून दूर गेल्या की संकर थांबतोच, मग तो निकष उलट्या बाजूने कसा लावायचा?

टीकाकारांचाही इथे तोल जातो. ४ फेब्रुवारी २०१४ रोजी याच म्युझियममध्ये केन हॅम आणि विज्ञान-प्रसारक बिल नाय यांची अडीच तासांची जाहीर चर्चा झाली. त्यात नाय यांनी दिवसाला ११ नव्या प्रजाती असा हिशेब मांडला होता. त्यांनी कीटकांपासून सगळं धरलं, आणि तारवाचा दावा मात्र जमिनीवरच्या पृष्ठवंशीयांपुरता. आकडा फुगवून मूळ अडचण मोठी होत नाही. ती दीड महिन्याला एक या वेगातही पुरेशी मोठी आहे. ती चर्चा यूट्यूबवर फुकट आहे. तिकीट काढण्याआधी शेवटचा प्रश्नोत्तरांचा भाग तरी बघावा. तुमचं मत कशाने बदलेल, या प्रश्नावर नाय म्हणाले पुराव्याने. हॅम म्हणाले, आपण ख्रिस्ती आहोत आणि देवाचं वचन खरं नाही हे कुणी पटवू शकणार नाही. दुसरं उत्तर बऱ्याच जणांनी हास्यास्पद ठरवलं. प्रत्यक्षात ते म्युझियमच्या पहिल्याच दालनाशी तंतोतंत जुळणारं आहे.

जे दालन नाही

उत्क्रांतीकडे ख्रिस्ती लोक कसं पाहतात, याचं दालन इथे केलं असतं तर ते सर्वांत गर्दीचं ठरलं असतं. कारण तिथल्या गोष्टी पाहणाऱ्याला खरोखर धक्का देतात. शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल १९२५ मध्ये टेनेसीत चाललेल्या स्कोप्स खटल्यात उत्क्रांतीविरुद्ध उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी साक्षीत कबूल केलं होतं की उत्पत्तीतले दिवस २४ तासांचे असायलाच हवेत असं नाही. बायबलच्या निर्दोषत्वाचे कट्टर पुरस्कर्ते बी. बी. वॉरफिल्ड यांना उत्क्रांती देवाच्या नियंत्रणाखाली घडू शकते यात अडचण वाटत नव्हती. डार्विनचे अमेरिकेतले पहिले मोठे पाठीराखे एसा ग्रे हे श्रद्धाळू ख्रिस्ती वनस्पतिशास्त्रज्ञ होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन इव्हँजेलिकलांमध्ये (बायबलला सर्वोच्च मानणाऱ्या प्रोटेस्टंटांमध्ये) दोन मतं जास्त चालत: दिवस म्हणजे युग, किंवा उत्पत्तीच्या पहिल्या दोन ओवींच्या मधे फार मोठा खंड. तरुण पृथ्वी आणि प्रलयाचं भूगर्भशास्त्र ॲडव्हेंटिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या लेखकांपुरतं होतं. ते घराघरांत पोहोचलं १९६१ मध्ये व्हिटकॉम आणि मॉरिस यांच्या प्रलयावरच्या पुस्तकाने. म्हणजे ज्याला म्युझियम 'मूळ' मत म्हणून सादर करतं, त्याचा आजचा साज साठ-सत्तर वर्षांचा आहे.

एक दुरुस्ती दुसऱ्या बाजूसाठीही. उत्क्रांती मानणारे ख्रिस्ती संत ऑगस्टीनला साक्षीला बोलावतात, कारण सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला तर पहिले तीन दिवस आपल्यासारखे कसे, हा प्रश्न त्याने विचारला होता. खरंय. पण जग ६,००० वर्षांहून जुनं नाही असंही त्याने लिहिलंय. त्याला आधुनिक करून घेणं ही सुद्धा हातचलाखीच.

कॅथलिक चर्चची भूमिका म्युझियममध्ये जवळपास नाहीच, आणि जगातले निम्म्याच्या आसपास ख्रिस्ती कॅथलिक आहेत. १९५० मध्ये पोप बाराव्या पायसने मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधनाला मोकळीक दिली, आत्मा मात्र थेट देवाकडून असं बजावून. १९९६ मध्ये दुसऱ्या जॉन पॉलने उत्क्रांती ही आता निव्वळ गृहीतकाच्या पुढे गेलीय असं म्हटलं. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी देवाला जादूची कांडी फिरवणारा समजू नका असं सांगितलं. प्रोटेस्टंटांमध्ये ह्यू रॉस यांची रीझन्स टू बिलीव्ह ही संस्था कोट्यवधी वर्षांची पृथ्वी मानते पण माणूस स्वतंत्रपणे निर्माण झाला असं म्हणते. मानवी जीनोम प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रान्सिस कॉलिन्स यांनी २००७ मध्ये, म्हणजे म्युझियम उघडलं त्याच वर्षी, सुरू केलेली बायोलोगोस ही संस्था समान पूर्वजांसह पूर्ण उत्क्रांती स्वीकारते. त्यांची खरी कसरत आदामापाशी होते: तो प्रतीक, की मोठ्या समूहातून देवाने निवडलेला प्रतिनिधी, की सगळ्यांच्या वंशावळीत कुठेतरी असणारा एक पूर्वज? यावर त्यांच्यातही एकमत नाही. आणि मघाच्या पौलाच्या ओळीचं वजन त्यांना सतत पेलावं लागतं.

हे सगळे काही मूठभर अपवाद नव्हेत. गॅलप या जनमत चाचणी संस्थेने अमेरिकेत १९८२ पासून माणूस कसा आला हाच प्रश्न विचारलाय. २०२४ मध्ये ३७ टक्के लोकांनी देवाने माणूस आजच्या रूपात गेल्या १०,००० वर्षांत निर्माण केला असं म्हटलं, ३४ टक्क्यांनी उत्क्रांती झाली पण देवाच्या मार्गदर्शनाखाली असं, तर २४ टक्क्यांनी देवाशिवाय. मधला ३४ टक्क्यांचा गट म्युझियममध्ये दिसतो तो फक्त घसरणीच्या पहिल्या पायरीवर उभा असलेला.

मूल्यमापन करायचं तर: मांडणी आणि कारागिरी पाचपैकी पाच. स्वच्छता, सोयी, कर्मचाऱ्यांची वागणूक साडेचार. खाणं ठीक, तारवाजवळचं उपाहारगृह अवाढव्य आहे पण दुपारी बारा ते दीड रांग लागते, अकरालाच जावं. धर्मशास्त्र, एका मताची मांडणी म्हणून, चार. ख्रिस्ती मतांची ओळख म्हणून एक. विज्ञान दोन, आणि त्यातला एक गुण चेहऱ्यांच्या दालनाला. दहा वर्षांखालच्या मुलांना न्यायचं तर पतनाच्या अंधाऱ्या दालनात आणि प्रलयात बुडणाऱ्या माणसांच्या दृश्यांपाशी ती घाबरतात, हे धरून चला.

तिसरा दिवस हाताशी असेल तर तो म्युझियमच्या पायाखालच्या खडकासाठी ठेवा. सिनसिनाटीच्या आसपासचा चुनखडक आणि शेल सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातला, ऑर्डोव्हिशियन काळातला. जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ तो बघायला येतात. ओहायोतल्या शॅरनव्हिलमध्ये ट्रॅमेल फॉसिल पार्क ही दहा एकरांची उघडी टेकडी आहे, प्रवेश फुकट, सापडलेले जीवाश्म स्वतःसाठी घरी नेता येतात. जाड तळाचे बूट, टोपी, पाणी आणि कागदी पिशव्या लागतात. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जावं, माती धुतली जाऊन शिंपले वर आलेले असतात. शिंपल्यांसारखे ब्रॅकिओपॉड आणि फांद्यांसारखे ब्रायोझोआ पहिल्या पाच मिनिटांत हातात येतात. पूर्ण ट्रायलोबाइट (नामशेष झालेला कवचधारी समुद्री प्राणी) मिळायला नशीब लागतं, तुकडे मात्र मिळतात. या परिसरातल्या काही थरांचा वरचा पृष्ठभाग भोकांनी चाळण झालेला असतो आणि त्यावर दुसरे जीव चिकटलेले असतात. म्हणजे समुद्रतळ आधी घट्ट दगड झाला, मग प्राण्यांनी तो पोखरला, मग त्यावर नवे प्राणी वसले, वाढले, आणि नंतर पुढचा गाळ बसला. असे पृष्ठभाग एकावर एक अनेक आहेत. वर्षभराच्या खवळलेल्या प्रलयात हे कसं बसवायचं, याचा फलक कोणी लिहिला तर तो आवर्जून वाचण्यासारखा असेल. तोवर एक चाळणीदार तुकडा पिशवीत घालून आणा, आणि जुना टूथब्रश घेऊन साध्या पाण्यात घासा. ॲसिड लावू नका, चुनखडकाबरोबर शिंपलाही विरघळतो.